साडेचार वर्षांच्या मुलीसाठी टॅब : कोणती ॲप ठेवू, कोणती काढू? (इंदूर)

मनूची_आई (सुदामा नगर, इंदूर)

नमस्कार मंडळी. दिवाळीत माझ्या भावानं मनूला दहा इंची टॅब भेट दिला. मनू साडेचार वर्षांची आहे, केजी-वनला जाते. भावाचं मन मोडवेना म्हणून ठेवून घेतला. पहिल्याच आठवड्यात मी प्ले स्टोअरवर शोधून चौदा ॲप टाकली. सगळ्यांच्या नावात 'लर्निंग' होतं, सगळ्यांना भरपूर तारे होते.

परवा संध्याकाळी पोळ्या करता करता मी तिच्याकडे बघत होते. पडद्यावर 'क' गिरवायचा होता. तिनं बोटानं गिरवलाच नाही, अख्खा तळहात पडद्यावरून फिरवला. 'क' रंगला, टाळ्या वाजल्या, फुगे उडाले. लगेच गाड्यांच्या कुठल्याशा खेळाची जाहिरात सुरू झाली. मनू उजव्या कोपऱ्यात डोळे लावून बसली, तिथे बारीकशी फुली उमटली आणि हिनं ती बरोब्बर टिपली. 'क' तिला अजून काढता येत नाही. फुली कुठे आणि कधी येते हे मात्र पाठ आहे. मी गॅस बंद केला आणि टॅब कपाटात ठेवून दिला. मला खरंच वाईट वाटलं, कारण ती ॲप मीच निवडली होती.

भाषेचाही गुंता आहे. शाळा इंग्रजी, गल्लीत आणि कामाच्या मावशींशी हिंदी, घरात मराठी. ती "केला दे" म्हणते, सासूबाई "केळं म्हण" म्हणून थांबवतात, ती "केलं" म्हणते.

ज्यांनी मुलांना प्रत्यक्ष वापरायला दिलंय त्यांनी सांगा. काय बघून निवडता?

---

निखळ_बाबा

ताई, कपाटात ठेवलात ते योग्य केलंत, तिथेच राहू द्या. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, आम्ही टॅब घेतलेलाच नाही. माती, खडू, जुनी भांडी, रविवारी मेघदूत उपवन. मोजायला शिकला तो वाटाणे सोलताना. बोटांनी धरणं, ओतणं, दाबणं हे काचेवर होत नाही, आणि पुढे पेन्सिल धरायला हाताची तीच ताकद लागते.

---

दोन_पाळ्या

निखळ_बाबा, तुमचं म्हणणं मनापासून पटतं. पण सगळ्यांच्या घरात दुसरा माणूस नसतो. मी रुग्णालयात नर्स आहे, मुलगी सहा वर्षांची, घरी आम्ही दोघीच. सकाळपाळीला साडेसहाला निघायचं असतं. तिचं आवरून झाल्यावर माझं आवरेपर्यंत मला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ तिच्या हातात टॅब असतो. तेव्हा 'द्यायचा की नाही' हा प्रश्न माझ्यापुरता संपलेला आहे. त्या पंचवीस मिनिटांत तिच्यासमोर काय असावं, एवढंच मला ठरवायचंय. म्हणून या धाग्यावर ॲपबद्दलच बोलूया, ही विनंती.

---

निखळ_बाबा

मान्य. तुमच्या घराचा विचार न करता लिहिलं, माफ करा. मी वाचतोय.

---

बालरोगवाली

वेळेबद्दल आधी सांगते, कारण ओपीडीत रोज तेच विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलेलं असं : पहिल्या वर्षी पडदा अजिबात नको, दुसऱ्या वर्षीही नको, दोन ते चार या वयात दिवसाला १ तासाच्या आत, आणि कमी तितकं चांगलं. आपल्या भारतीय बालरोग अकादमीचा सल्लाही जवळपास तोच : २ ते ५ वर्षांना जास्तीत जास्त १ तास, ५ ते १० वर्षांना २ तासांहून कमी. या तासात टीव्ही आणि आईचा मोबाइलही धरायचा. पुष्कळ घरांत टॅबचे तीस मिनिटं मोजतात आणि जेवताना लावलेली कार्टून मोजतच नाहीत. आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल हा वेगळा धरा, तिथे समोरून माणूस उत्तर देतं.

ॲप कसं ओळखायचं याचं मला पटलेलं उत्तर मानसशास्त्रज्ञ कॅथी हर्श-पासेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१५ च्या लेखात आहे. त्यांचे मुद्दे चार. मूल डोकं चालवतंय की नुसतं बोट? त्याचं लक्ष कामावर टिकतंय, की टाळ्या-फुगे-आवाज ते ओढून नेतात? जे शिकतंय ते त्याच्या रोजच्या जगण्याशी जोडलेलं आहे का? आणि ते करताना कुणाशी बोलणं होतंय का? मनूच्या आईंनी लिहिलेला 'क' या चारांत कुठेच बसत नाही.

जाहिरातींबद्दल म्हणाल तर तुम्ही काही वाईट निवड केली असं नाही, बाजारच तसा आहे. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी पाच वर्षांखालच्या मुलांची १३५ ॲप तपासली होती, त्यांचं काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. ९५ टक्के ॲपमध्ये कुठल्या ना कुठल्या रूपात जाहिरात होती. काही खेळांत विकत घ्यायचं नाकारलं की आतलं पात्र रडायला लागतं. चार वर्षांच्या मुलाला ते रडणं खरं वाटतं. हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

---

खटपट्या

सॉफ्टवेअर टेस्टिंग हे माझं पोटापाण्याचं काम, घरात पाच वर्षांचा भाचा. मी ॲप असं तपासतो.

टाकण्याआधी नावाखालच्या दोन बारीक ओळी वाचा : 'जाहिराती आहेत' आणि 'ॲपमधून खरेदी'. दोन्ही असतील तर तिथूनच परत फिरा. मग परवानग्या. बाराखडी शिकवणारं ॲप लोकेशन किंवा फोनबुक मागत असेल तर त्याला ते कशाला हवंय? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे, पण आपणही डोळे उघडे ठेवायला हवेत.

टाकल्यावर वायफाय बंद करून चालवा. इंटरनेटशिवाय नीट चालतं ते माझ्याकडे राहतं, 'कनेक्शन नाही' म्हणून अडतं ते जातं. टॅब विमान मोडवर ठेवून भाच्याच्या हातात दिला की निम्म्या काळज्या तिथेच मिटतात.

ॲप पिन करायची सोय अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात असते. बाहेर पडताना आकडा मागायचा पर्यायही तिथेच चालू करा. मग पिन केलं की मूल त्या ॲपमधून बाहेर पडून यूट्यूबवर जाऊ शकत नाही, बाहेर यायला आपला आकडा लागतो. आयपॅडवर हेच काम 'गाइडेड ॲक्सेस' करतं. वेळेची मर्यादा घालायला गूगलचं 'फॅमिली लिंक' आहे, पण पिन आधी शिका.

आणि पैशांची गोष्ट, हात पोळलेल्या माणसाची. 'पहिले ७ दिवस मोफत' म्हणून ताईनं एका ॲपला यूपीआय जोडलं. भाच्याला आवडलं नाही, चौथ्या दिवशी तिनं ते उडवलं. आठव्या दिवशी खात्यातून पूर्ण वर्षाचे पैसे गेले. ॲप काढून टाकलं तरी वर्गणी चालूच राहते, ती वेगळी बंद करावी लागते. प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर टिचकी मारा, 'पेमेंट आणि सबस्क्रिप्शन'मध्ये जा, तिथे रद्द करा. शिवाय यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते, तिथूनही ती परवानगी काढा. पैसे गेलेच तर प्ले स्टोअरकडे ४८ तासांच्या आत परतावा मागा, नंतर तो ॲपवाल्याच्या मर्जीवर जातो.

---

बालवाडी_ताई (लोकमान्य नगर)

मनूची आई, मी सत्तावीस वर्षं बालवाडी चालवली. टॅब माझ्या हातात निवृत्तीनंतर आला, पण अक्षर मुलाच्या हातात कसं उतरतं ते मी रोज पाहिलंय. त्यामुळे तुमचा तळहाताचा किस्सा वाचून मी थांबले.

ॲप मुलाला देण्याआधी तुम्ही स्वतः पंधरा मिनिटं त्याच्याशी बसा आणि मुद्दाम चुका. उलटं उत्तर द्या, अक्षर खालून वर काढा, भलत्याच चित्रावर बोट ठेवा. बघा ते काय करतं. काही ॲपमध्ये चुकीच्या उत्तराला बेडूक धपकन पडतो आणि बरोबर उत्तराला नुसता एक तारा येतो. मूल बेडकासाठी मुद्दाम चुकत राहतं. चांगलं ॲप चुकीला शांत राहतं, पुन्हा दाखवतं, वाट बघतं. देवनागरी गिरवताना आधी अक्षराचं अंग, मग काडी आणि शेवटी शिरोरेषा, हा क्रम ते सांभाळतं का? काही ठिकाणी मी शिरोरेषा आधी काढायला लावलेली पाहिली. ती सवय लागली की पुढे वहीवर सगळी अक्षरं रेघेला लोंबकळतात.

आता भाषेचं. 'मराठी अक्षरमाला' असं नाव असलेली बरीच ॲप आतून हिंदीच असतात. नुसतं नाव बदललेलं असतं. माझी परीक्षा चार अक्षरांची आहे. पहिलं 'ळ' : आहे का? हिंदीच्या वर्णमालेत ते नसतं, म्हणून उचललेल्या ॲपमध्येही नसतं. दुसरं 'ज्ञ' : आवाज 'ग्य' असा आला तर ते हिंदी, आपल्याकडे 'द्न्य'. तिसरं 'च' : चमच्यातला आणि चंद्रातला च दोन वेगळे आहेत, तसंच जागेतला ज आणि जन्मातला ज. मराठी माणसानं आवाज दिला असेल तर हे आपोआप नीट येतं. चौथं 'ल' आणि 'श' यांचं वळण : दोन पाकळ्यांचा ल आणि देठाचा श दिसतो का?

'ळ'बद्दल जास्त लिहिते, कारण तुम्ही केळ्याचं लिहिलंत. पुण्याच्या मुलाला 'ळ' दुकानांच्या पाट्यांवर, बसवर, वर्तमानपत्रात दिसत राहतो. आपल्या इंदूरात मूल राजवाड्यापासून विजयनगरपर्यंत पाट्या वाचत गेलं तरी त्याला तो क्वचितच भेटेल, कारण पाट्या हिंदी. त्याच्या घरात मात्र बाळ, शाळा, फळ, डोळा, काळा, खेळ, सगळीकडे ळच ळ. म्हणजे कानाला ओळखीचं आणि डोळ्याला अनोळखी असं ते अक्षर आहे. मनूला ते उच्चारता येत नाही, यात तिच्या जिभेचा दोष नाही. तिच्यासाठी ते वेगळं अक्षर म्हणून अजून उभंच राहिलेलं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय. इंदूरातल्या मराठी घराला ते काम घरातच करावं लागतं. त्यासाठी टॅबचा उपयोग होत असेल तर मी त्याच्या विरोधात नाही.

---

बडोदेकर_मामी

ताई, आमच्याकडे उलटा प्रकार. गुजरातीत ळ आहे, त्यामुळे बडोद्याची मुलं तो छान म्हणतात. पण शाळेत गुजराती लिपी, तिला शिरोरेषा नाही. माझी भाची मराठी लिहिताना डोक्यावरची रेघच विसरते. तुमचं 'शिरोरेषा शेवटी' मी उद्याच करून बघते.

---

दोन_पाळ्या

कुणीतरी नावं सांगा ना. मी काय वापरते ते आधी लिहिते.

इंग्रजी आणि आकड्यांसाठी 'खान अकॅडमी किड्स'. दोन ते आठ वर्षांसाठी आहे, पूर्ण मोफत, जाहिरात नाही, वर्गणी नाही. चुकलं तर आरडाओरडा नाही. आतलं बोलणं इंग्रजी आहे, अमेरिकी उच्चारांचं, त्यामुळे पहिले चार दिवस मी शेजारी बसले होते.

मराठी वाचायला गूगलचं 'रीड अलाँग'. २०१९ मध्ये ते 'बोलो' या नावानं हिंदी-इंग्रजीत सुरू झालं होतं, मराठी नंतर आलं. मूल मोठ्यानं वाचतं, आतलं दिया नावाचं पात्र ऐकतं आणि अडलेला शब्द म्हणून दाखवतं. अक्षरं जोडता यायला लागली की मगच द्या, साडेचारला घाई होईल. माझ्या मुलीनं 'आंब्याच्या झाडाखाली' हे तीनदा अडखळून चौथ्यांदा वाचलं, तेव्हा मी युनिफॉर्मला इस्त्री करत होते आणि माझा हात थांबला.

---

खटपट्या

त्यात आणखी दोन. 'जीकॉम्प्री' हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, साधारण दोन ते दहा वर्षांसाठी, जाहिरात नाही. दिसायला जुनं वाटेल, पण कोडी, घड्याळ, तराजू, रंग मिसळणं असं पुष्कळ काही आहे, आणि त्यातलं बरंचसं भाषेशिवाय चालतं. दुसरं 'स्क्रॅचज्युनिअर', पाच ते सात वर्षांसाठी, तेही मोफत. त्यात मुलाला काही शिकवत नाहीत, त्यालाच गोष्ट रचायला देतात. ठोकळे जोडले की पात्र चालतं, उडी मारतं, आणि त्याला आवाज आपला देता येतो.

भाच्यानं त्यात भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट केली. माझ्या आईला म्हातारीचा आवाज द्यायला बसवलं. आईनं पहिल्यांदा हळू म्हटलं, तर तो म्हणाला, "आजी, वाघाला ऐकू नाही आलं." सहा वेळा रेकॉर्ड केलं दोघांनी. डॉक्टर ताईंचे चारही मुद्दे त्या एका संध्याकाळी समोर दिसले.

---

रामबागचे_आजोबा

मी बहात्तर वर्षांचा. नातू परदेशी, सहा वर्षांचा. आमचं साधन एकच : 'स्टोरीवीव्हर'. 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेनं २०१५ मध्ये सुरू केलेलं संकेतस्थळ. चित्रांची पुस्तकं, कितीतरी भाषांत, मराठीतही भरपूर, सगळी फुकट. पुस्तकांना चार पातळ्या आहेत, पहिल्या पातळीत एका पानावर एखादं वाक्य. व्हिडिओ कॉलवर मी इकडे तेच पुस्तक उघडतो, तो तिकडे. एक पान मी, एक पान तो.

मनूच्या आईसाठी सुचवतो. ही पुस्तकं उतरवून छापताही येतात, परवाना तसा मोकळा आहे. मी भंवरकुवाला झेरॉक्सच्या दुकानात पाच पुस्तकं छापून घेतली, मधोमध टाचण्या मारल्या, आणि शेजारच्या मुलीला दिली. पडद्यावर पाहिलेलं पुस्तक तिच्या हातात आलं तेव्हा तिनं आधी त्याचा वास घेतला. तुम्ही टॅबवर निवडा आणि वाचायला कागदावर द्या. मुलीला आवडतं की नाही हे आधी कळतं, आणि छापण्याचे पैसेही वाया जात नाहीत.

---

निखळ_बाबा

आजोबा, हे मी करणार. यासाठी माझा मोबाइल पुरेल.

---

मनूची_आई

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांना उत्तरं द्यायची होती, मध्ये मनूला ताप होता.

आधीची चौदाही ॲप गेली. बालवाडी ताईंच्या चार अक्षरांच्या परीक्षेला 'मराठी' नावाची पाच बसवली, त्यातली चार 'ळ'पाशीच नापास झाली. पाचव्यात ळ होता, पण ज्ञ 'ग्य' होता. मराठी अक्षरमालेचं एकही ठेवलेलं नाही. सध्या तीनच आहेत : खान किड्स, जीकॉम्प्री आणि चित्र काढायचं एक साधं ॲप. स्टोरीवीव्हर मी माझ्या फोनवर बघते. जेल रोडवरून टॅबला जाड रबरी कव्हर आणि काच आणली, टॅब पिन करूनच देते. वेळ संध्याकाळी पाच ते साडेपाच, आणि हॉलमध्ये, स्वयंपाकघरातून मला पडदा दिसेल असा. पहिले चार दिवस तिनं फुगे आणि टाळ्यांवाल्या ॲपसाठी रडून घेतलं. पाचव्या दिवशी विचारलंही नाही. साडेपाच वाजले की आम्ही खाली उतरतो, पाऊस नसेल तर.

अक्षरं रवा पसरलेल्या ताटात काढतो. ताई, शिरोरेषा शेवटी. सासूबाईंनी रोज एक ळचा शब्द ठरवलाय. सोमवारी फळ, मंगळवारी डोळा. उच्चार अजून दहातून चार वेळा बरोबर येतो.

काल संध्याकाळी आम्ही एका मराठी मंडळाच्या इमारतीवरून चालत होतो. मनू माझा हात सोडून थांबली. वर पाटी होती. तिनं एकेका अक्षरावर बोट नाचवलं आणि शेवटच्याशी अडकली. "आई, ते बघ, ताटातलं!" 'मंडळ' मधला ळ होता. मग पुढच्या चौकापर्यंत प्रत्येक पाटीवर शोधत राहिली, आणि नाही सापडला म्हणून रुसली.

ताई, अशा मराठी पाट्या आपल्या भागात आणखी कुठे आहेत? रविवारी तिला घेऊन फिरायचंय.

---

बालवाडी_ताई (लोकमान्य नगर)

आहेत की! मोजक्या आहेत, पण आहेत. महाराष्ट्र साहित्य सभेपासून सुरू करा. तिथे ळ नाही मिळाला तरी पुस्तकं मिळतील, पहिल्याच कपाटात शेकड्यानं ळ. मग रामबागेकडे या, आजोबांना विचारू, जुन्या घरांवर मराठी नावं अजून आहेत. मी साडेचारला येते. ताटातला रवा थोडा जाड घ्या, बारीक रव्यात रेघ टिकत नाही.

---

रामबागचे_आजोबा

साडेचारला फाटकाशी उभा राहीन. आमच्या गल्लीत तीन घरांवर ळ आहे, मी आजच मोजून आलो.